गेरू लावलेले गाल

समोरच्या क्वार्टरमध्ये बारसं होतं आणि एक म्हातारा फाटकाबाहेर कडुलिंबाखाली सायकल धरून उभा होता. दोन्ही गाल सुजलेले, त्यांवर गेरूचा लेप, वरून डोक्यावर गाठ मारलेला गमछा. उतई गावाहून सायकल हाणत आला होता.

"आत कावून नाही जात, काका?" मी विचारलं.

"पोरीचंच घर हाय जी. पन मले गालफुगी झाली. डाक्टर पॅरोटायटिस म्हनते. नातवाले झाली तं?"

तेवढ्यात लेकीनं खिडकीशी येऊन बाळ उंच धरलं. म्हातारा हसला आणि कळवळून त्यानं कानाखाली हात दाबला.

"दुखते तर हसू नका नं."

"घरून तेच ठरवून निघालो होतो जी," तो म्हणाला, आणि पुन्हा खिडकीकडे पाहून हसला.