साडूभाऊंची सवड

जगातल्या प्रत्येक अडचणीवर एक ॲप असतंच, ते आपण अजून घेतलेलं नसतं एवढीच खरी अडचण, असं मानणारा माणूस सबंध सोलापुरात एकच आहे आणि नेमका तो माझा साडू आहे. सुताच्या पेढीवरची नोकरी गेल्यावर साडूभाऊ एकदम व्हर्च्युअल असिस्टंट झाले. म्हणजे घरी बसून दूरदेशीच्या लोकांच्या मेलना उत्तरं द्यायची, त्यांच्या भेटीगाठी ठरवायच्या. कॅनडातला एक दंतवैद्य तर कुणाची दाढ कधी काढायची हे साडूभाऊंना विचारल्याशिवाय ठरवत नाही. मोडनिंबचे त्यांचे चुलते गावात सांगतात, "सायेब दिसत न्हाय, पगार तेवढा दिसतो, असली नोकरी हाय."

कामाचा वेळ मोजायला त्यांच्या लॅपटॉपवर एक घड्याळ चालू असतं. दंतवैद्याच्या वेळात घरचं बोलायचं नाही, हा बाणा. भाजी कुठली करू एवढं विचारलं तरी "थांब, घड्याळ बंद करतो" म्हणतात. आता अक्का, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, स्वतःच "आदी ते घड्याळ बंद करा" म्हणते आणि त्यावरून घरातल्यांना कळतं की विषय गंभीर आहे. सगळे पासवर्ड त्यांनी एका तिजोरीवजा ॲपमध्ये ठेवलेत, आणि त्या तिजोरीचा पासवर्ड इतका अवघड की तो फक्त अक्काच्याच लक्षात राहतो.

पण त्यांचा खरा जीव कॅलेंडरवर. त्यात प्रत्येकाच्या वेळेचा एक खोका आणि प्रत्येकाला एक रंग. दंतवैद्य निळा, पुण्याच्या एक बाई जांभळ्या, सासुरवाडी राखाडी. मी राखाडी आहे. एकदा त्यांची लेक मंजू म्हणाली, "पप्पा, सगळ्या जगाला वेळ देताय, मलाबी एक खोका द्या की." त्यांनी तिथल्या तिथं रोज चार वाजता हिरव्या रंगात 'मंजूचा चहा' टाकला, कायमचा. चार वाजले की लॅपटॉप टिंग करायचा, घड्याळ बंद व्हायचं, आणि बापलेक शेंगाचटणी नि कडक भाकरीचे तुकडे मोडत चहाला बसायची.

याच कॅलेंडरानं मंजूचं लग्न मोडायची वेळ आणली. केम गावचं स्थळ होतं, मुलगा तिला मनापासून आवडला होता. बघण्याचा कार्यक्रम ठरवायचा, तर साडूभाऊंनी मुलाकडच्यांना फोन करून 'या' म्हणायचं सोडून एक लिंक पाठवली. तीत साडूभाऊंच्या मोकळ्या वेळा होत्या, त्यांतली एक निवडायची, आणि खाली रकाना होता, 'भेटीचा उद्देश'. मुलाचे आजोबा भडकले. "पोरीचा बाप आपली सवड आमाला दाखवतो व्हय?" म्हणाले आणि निरोप आला, आम्ही येत नाही. मंजू जेवली नाही. अक्का घड्याळ बंद करा म्हणालीच नाही, सरळ लॅपटॉप मिटला.

साडूभाऊंनी दंतवैद्याला 'आज मी नाही' एवढं कळवलं आणि केमची गाडी पकडली. आजोबा ओसरीवर बसले होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "वेळ घेतली हुती का?"

"न्हाय," साडूभाऊ म्हणाले, "तुमाला सवड हुईस्तवर बसतो हितंच."

म्हाताऱ्यानं त्यांना दुपार कलेपर्यंत बसवलं. मग चहा आला, चहामागून जेवण आलं, आणि निघताना आजोबांनी स्वतःच कार्यक्रमाचा दिवस सांगितला. तो साडूभाऊंनी कॅलेंडरात न टाकता लक्षात ठेवला. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातली तेवढी एकच गोष्ट कुठल्या ॲपविना पार पडली.

मंजू नांदायला गेली. परवा मी गेलो होतो तर चार वाजता लॅपटॉप टिंग झाला. साडूभाऊंनी सवयीनं घड्याळ बंद केलं आणि पडद्यावरच्या हिरव्या खोक्याकडे बघत राहिले.

"हे काढता येत नाही का?" मी विचारलं.

"येतं की. रोज काढतोय. ते इचारतंय, आजचाच काढू का पुढचेबी सगळे."

"मग?"

"मी म्हनतो, आजचाच."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, चष्मा पुसला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या, काढत न्हाय. तुमाला सवड हाय न्हवं?"

अक्कानं शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणून ठेवली, आणि मी राखाडी माणूस त्या दिवशी हिरव्या खोक्यात बसून चहा प्यालो.