लोण्यासारखा लिप बाम

"मॅडम, तुमच्या लिप बामचं तेल झालं!"

फोनवर दोंडाईच्याच्या सुनंदाताई होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाचीचं लग्न. पाहुण्यांना द्यायचे गिफ्ट बॉक्स मी जळगावला घरी तयार करून पाठवले होते. प्रत्येकात एक साबण, लिप बामची छोटी डबी आणि दोन नानकटाया. सगळं माझ्या हातचं.

"बॉक्स ठेवलेत कुठे?"

"गच्चीवर. पत्र्याच्या खोलीत."

मे महिना आणि पत्र्याची खोली! मी कपाळाला हात लावला.

लिप बाम म्हणजे तेल आणि मधमाश्यांचं मेण. मेण जास्त तर बाम घट्ट, कमी तर मऊ. सँपल दाखवलं तेव्हा थंडी होती. ताईंनी ते ओठांवर घासून नाक मुरडलं. "दगड आहे हा. मला लोण्यासारखा पाहिजे."

"ताई, उन्हाळ्यात वितळेल."

"आमच्याकडे कूलर आहेत."

ऑर्डर त्यांची. मी मेण कमी केलं.

आता जास्तीचं मेण आणि घरातल्या उरलेल्या नानकटाया घेऊन मी मिळेल ती गाडी पकडली. पोचले तेव्हा मांडवात नवरीचे काका एका बॉक्समधली नानकटाई खात होते.

"गुलाबाची आहे वाटतं? घशातून अशी सुळकन उतरते!"

गुलाबाचा वास बामचा होता. मी त्यांच्या हातातून बॉक्स ओढून घेतला. बाममध्ये होतं ते खोबरेल, मेण आणि थोडा गुलाबाचा अर्क, त्यामुळे काकांना काही झालं नाही.

तेल प्यायलेल्या नानकटाया मी आधी बाजूला काढल्या. बॉक्समध्ये सांडलेलं तेल एका पातेल्यात ओतलं; ते आता ओठांसाठी चालणार नव्हतं. डब्यांत शिल्लक होतं ते डबल बॉयलरवर, म्हणजे उकळत्या पाण्यात दुसरं भांडं ठेवून, गरम करायचं आणि मेण वाढवायचं. आचाऱ्याकडे शेगडी मागितली.

"कढीला फोडणी द्यायची आहे," तो म्हणाला. मग पातेल्यात डोकावला. "हे तूप टाकू का?"

"हात लावू नका!" मी इतकी ओरडले की मांडवातला बँडवाला थांबला.

बाम पुन्हा ओतून डब्या कूलरसमोर मांडल्या. वळून बघते तर सांडलेल्या तेलाचं पातेलं गायब.

ते नवरीच्या आजीच्या, म्हणजे अक्कांच्या, पुढ्यात होतं. अक्का पाय पसरून टाचांना तेल चोळत होत्या आणि शेजारी बायकांची रांग बसली होती.

"पोरी, हाई फेकू नको," अक्का म्हणाल्या. "मन्हा टाचास्ले बेस वाटनं."

"अक्का, ते ओठांचं आहे."

"व्हटले काय व्हयनं? भेगा त टाचास्ले शेत!" ओठांना काय झालंय, भेगा तर टाचांना आहेत, हे त्यांचं म्हणणं रांगेतल्या बायकांनाही पटलं.

संध्याकाळपर्यंत पातेलं कोरडं झालं. डब्या घट्ट झाल्या, नानकटाया बदलल्या, बॉक्स पुन्हा बांधले आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर वाटले गेले. लिप बामबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्या बायका विचारत होत्या ते टाचांच्या तेलाचं. सुनंदाताई प्रत्येकीला सांगत होत्या, "मीच त्यांना म्हटलं, मेण कमी घाला."

त्या लग्नानंतर मला सर्वात जास्त ऑर्डर आल्या त्या टाचांच्या मलमाच्या. लिप बाम अजून करते. फक्त थंडीत कुणी उन्हाळ्याची ऑर्डर द्यायला आलं, तर सँपल त्यांच्यासमोर स्कूटीच्या डिकीत ठेवते आणि स्कूटी दुपारभर उन्हात उभी करते. गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा खान्देशातलं ऊन पुढे केलेलं बरं.