मी आबांना येडं ठरवलं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. डॉक्टरबाईंना तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते त्यांनाच.

बाईंची सगळी कारकीर्द एका प्रश्नात गेली: कान गेला की मेंदूचं काय होतं? धुळ्या-जळगावच्या जिनिंगमध्ये, सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात राबून बहिरे झालेले कामगार त्या वर्षानुवर्षं तपासतायत. त्यांची पत्रकं मी लिहितो. ‘बहिरा म्हणजे वेडा नव्हे! त्याच्याशी बोला — बोलणं तुटलं की मेंदूही खचतो!’ ही वाक्यं माझी. न वाचता फेकणाऱ्यांच्या अंगावर धावून गेलोय मी. काय माज होता बघा!

माझे वडील, आबा, शिंदखेड्याला जिनिंगमध्येच होते. बाईंकडून मीच त्यांना तपासून आणलं. कान गेलेले, स्मरण ठणठणीत. म्हणजे मला माहीत होतं — अज्ञानाची सबब मला नाही.

मग ताईला बघायला भडगावचे पाहुणे आले. मुलीचे मामा कुठले, असं त्यांनी आबांना विचारलं. आबा तावातावाने कापसाचा भाव सांगू लागले. “बाबा तर थेट मार्केटात पोचले!” पाहुणे खदखदून हसले. कानाजवळ बोला — एवढंच म्हणायचं होतं ना मला? मी म्हणालो, “आबांचं डोकं चालत नाही हो आता.” का? लाज वाटली. हसणं थांबावं म्हणून. थांबलंही. कीव सुरू झाली.

ते वाक्य गावभर झालं. लग्नात आबा काहीबाही बोलतील म्हणून त्यांना मागच्या खोलीत बसवलं. पोटच्या पोरीचं कन्यादान काका-काकूंनी केलं. आबांनी माझं मनगट धरलं. “मी काय येडा शे का रे? मन्हा कान ग्यात, डोकं नही!” मी हात सोडवला आणि पंगतीत वाढायला गेलो. हो, वाढायला!

पुढे बाईंनी विचारलं, घरात बोलता ना सगळे आबांशी? मी म्हणालो, “हो बाई, बोलतो की.” कुणीच बोलत नव्हतं. हे खोटं पहिल्याहून नीच — कारण तेव्हाही बाई काही करू शकल्या असत्या.

आता कानात यंत्र आहे. आबांना ऐकू येतं. कुणी काही विचारलं की ते माझ्याकडे बघतात — आणि त्यांचं उत्तर मी देईन म्हणून थांबतात.