न चिकटवलेलं खापर

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी लोणावळ्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत होतो आणि मोडलेली कुठलीही वस्तू आपण जोडू शकतो, अशी माझी ठाम समजूत होती. कुसगावात विहीर खणताना एका शेतकऱ्याला खोल मातीत खापरं सापडली. किती जुनी, कुणालाच सांगता येईना. त्याने पाटी भरून ती माझ्या ओसरीवर आणून ओतली.

सुताराकडून सरस आणून मी रोज शाळा सुटली की शिजवत बसे. त्या वासाने बायको नाक दाबून माजघरात जाई. मी काठापासून जोडत निघालो, कारण तेवढाच ओळखू येत होता. महिनाभराने बुडाशी पोचलो, तर उरलेली खापरं काही केल्या बसेनात. वरचा तांदळाएवढा फरक खाली बोटभर झाला होता. रडायचाच काय तो बाकी होतो.

आम्हाला माठ देणाऱ्या कुंभारीण मावशींनी ते पाहिलं. "मास्तर, काठ लय फसवतो. बुडाकडनं जोडत या."

गरम पाण्याने मी सगळा सरस सोडवला. खापरं भुसभुशीत झालेली, एकाचा जरी चुरा झाला असता तरी सगळंच गेलं असतं. नशिबाने तगली. या खेपेला मावशी दर बाजाराला येऊन बघून जात. शेवटी पोटाकडचं एकच खापर राहिलं. मडक्याचं तोंड इतकं अरुंद की त्यातून हात जाणं शक्यच नव्हतं.

मी सरस लावणार, तोच मावशी म्हणाल्या, "थांबा वाईच." त्यांनी मोकळ्या जागेतून हात आत घातला आणि चाचपता चाचपता एका जागी थांबल्या.

"हितं अंगठा दाबलेला हाय. माजा बरुबर बसतोय. बाईचाच हाय ह्यो."

"बाईचा कसा? चाकावर तर गडीमाणसं बसतात."

"चाक गडी फिरवत्यात. मग बूड उगडं असतंय तवा आतनं दगुड धरून, वरनं फळीनं थापून मडकं मोटं कोन करतं? आमीच की. पर लोक म्हनत्यात, कुंभारानं केलं."

मीही हात घातला. माझा अंगठा त्या खळग्यात मावेना. कुठल्या काळातली ती बाई, आणि तिचं बोट माझ्या हाताखाली!

मावशींनी पुन्हा आत हात घातला आणि मडक्याशीच बोलल्या, "बाई, हात लय चांगला व्हता तुजा." मग मला म्हणाल्या, "लावा आता."

माझा हात उचलेना. ते खापर चिकटवलं, की त्या अंगठ्याला पुन्हा कुणीच शिवणार नव्हतं. सरस वाटीतच थिजला.

एक तुकडा हरवला का, असं पाहुणे अजून विचारतात. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. मावशी होत्या तोवर, डोक्यावरचा माठ उतरवला की आधी त्या मडक्यात हात घालायच्या आणि मग प्यायला पाणी मागायच्या.