दुपारचं रीडिंग

महापेच्या आमच्या लॅबमध्ये तंतूंचा ताठपणा मोजतात. केसाहून बारीक व्हिस्कोसचा तंतू चिमट्याने उचलायचा, त्याची इवलीशी रिंग करून टांगायची, तिच्या तळाशी नाममात्र वजन अडकवायचं आणि ती किती लांबट होते ते मायक्रोस्कोपमधून बघायचं. जास्त लांबली तर तंतू नरम. पंखा बंद, बोलणं बंद. सकाळचं रीडिंग मी घ्यायचे, दुपारचं माझ्या हाताखालच्या, घणसोली गावातल्या बाई.

बाई माझ्याहून मोठ्या. चिमटा असा धरायच्या की मला हेवा वाटायचा. पण गेल्या वर्षी एकाच पुड्यातले तंतू सकाळी ताठ आणि दुपारी नरम येऊ लागले. विचारलं तर म्हणाल्या, "ताई, दुपारचा तंतू नरमच हाय. हाताला कलतं."

"हाताला कळायला ती काय भेंडी आहे?" मी हसले. आणि साहेबांना सांगून टाकलं की बाईंची नजर कमी झाली असावी. साहेबांनी त्यांना मायक्रोस्कोपवरून उठवून पिशव्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं.

दुपारचं रीडिंगही माझ्याकडे आलं. तेही नरम! तीन दिवस चिडचिड केली, चौथ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. रीडिंगच्या खोलीत हवेतला ओलावा ओढून घेणारं मशीन सतत चालू ठेवायचं असतं. ते घरघरतं, म्हणून जेवणानंतर तिथेच डुलकी काढताना मी ते बंद करायचे. उठल्यावर लावायचे, पण खोली कोरडी व्हायला संध्याकाळ व्हायची. ओल्या हवेत व्हिस्कोस नरम पडतो, हे नवीन आलेल्यांना मीच शिकवते.

डुलकी सोडली, रीडिंग सुधारलं. साहेब म्हणाले, "बघा, माणूस बदलला, टेन्शन गेलं." एरवी चहात साखर कमी पडली तरी मी सगळ्यांना ऐकवते. तेव्हा तोंड उघडलं नाही. लाज वाटत होती, पण साहेबांसमोर तोंडघशी पडायची भीती त्याहून मोठी होती. आज सांगू, उद्या सांगू करत महिना काढला.

मग एका सकाळी बाई माझ्या टेबलापाशी आल्या. नाकावर कोरा करकरीत चष्मा.

"ताई, डोले तपासले. डॉक्टर बोलला, नंबरच नाय. मी बोलले, तरी द्या, साहेबांना दिसायला पायजे. आता मना परत बसवतील ना? तुमी सांगाल?"

"छान दिसतो तुम्हाला चष्मा," मी म्हणाले.