झोपेचा पंचनामा

मी एकदा एका बाईची झोप जप्त केली होती. दोन पंचांसमक्ष, रीतसर पंचनामा करून, वर लाखेचं सील ठोकून. नोकरीतलं पुष्कळ काही आता धूसर झालंय. हा मूर्खपणा मात्र अजून लख्ख आहे.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध असेल. जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्यात मी नवी कोरी फौजदार. खांद्यावर दोन चांदण्या आणि डोक्यात इतकी हवा, की टोपी खाली बसायलाच तयार नसे. तालुक्यातला मटका मीच बंद करणार, असं मी आरशाला रोज सांगायची.

एके दिवशी खबर आली. नारायणगावच्या स्टँडवरचा एक जीपवाला आमचा खबरी होता. तो म्हणाला, "मॅडम, पिंपळवंडीला एक शिलाईवाली हाय. रोज सकाळी तिची जाऊ भिताडापल्याडून आकडा सांगती, आन् ही वहीत लिवती. 'साडेसहा, वजा एक.' मी ब्लाउजपीस टाकाया गेलतो, सोताच्या कानानं ऐकलं."

"ओपन का क्लोज?"

"ते तुमी बघा. मी काय समदंच सांगू व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एक महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन मी छापा घातला. शिलाई मशीनच्या खणात वही सापडली. पानोपान तारखा, आकडे, अधिक-वजाच्या खुणा. शेजारी स्टीलच्या डबीत पांढऱ्या गोळ्या, सुट्या, ना चिठ्ठी ना खोका. मी मनातल्या मनात उडीच मारली. मटका तर मटका, वर नशेच्या गोळ्या!

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरीच विचारावं लागतं. तेव्हा तिच्याच खुर्चीवर बसून मी सुरू केलं.

"हे आकडे कसले?"

"माजी झोप हाय ती. रात्री किती तास झोपले त्ये. जाऊ ध्यान ठिवून सांगती."

"अस्सं! मग मीपण पुण्याची महापौर आहे. हात का कापतायत?"

"गोळ्यांनी."

"सारखं पाणी का पितेस?"

"गोळ्यांनीच."

"आणि कोपरात ही सुईची खूण?"

"रगात तपासत्यात, बाई. गोळ्यांसाठी."

मी डायरीत काय लिहिलं असेल? 'गोळ्यांचे व्यसन कबूल.' खोटं बोलणारा माणूस पकडण्याचं शिक्षण मला मिळालं होतं. पहिल्या वाक्यापासून खरं बोलणाऱ्याचं काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

दवाखान्याची फाईल दाखव म्हटलं, तर ती नवऱ्याकडे. तो पुण्यात कंपनीत कामाला, दर महिन्याला तोच औषध आणायचा, आता थेट शनिवारी येणार. त्या दिवशी मंगळवार होता. मी निघाले तशी ती उंबऱ्यापर्यंत मागं आली. "बाई, वही न्या. गोळ्या तेवढ्या ठिवा. सांजच्याला घ्याच्या हायेत." मी दोन्ही नेलं.

गुन्हा दाखल करायच्या आधी आकड्यांचं कोडं सोडवायचं, म्हणजे मोठं जाळं हाती लागेल, असा माझा हिशेब. दोन दिवस डोकेफोड केली. गुरुवारी सकाळी मुद्देमालाचे हवालदार माझ्या टेबलापाशी आले. निवृत्तीला टेकलेले, तंबाखू मळत उभे.

"मॅडम, एक इचारू? मटक्यात अर्धा आकडा असतो का?"

मी डायरीवरून मान वर केली.

"शून्य ते नऊ. साडेसहावर कोण लावील? आन् वजा एक लागला तर द्याचं का घ्याचं?"

सील करायच्या आधी उतरवून घेतलेले आकडे मी पुन्हा पाहिले. साडेसहा, सहा, सात, साडेसहा. नमुन्याच्या दोन गोळ्या घेऊन मी थेट नारायणगावच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गोळी भिंगाखाली धरली, बाईची लक्षणं विचारली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बहुतेक लिथियम. किती दिवस बंद आहे?"

"मंगळवारपासून."

त्यांनी एसटीडीवरून पुण्यातल्या ओळखीच्या एका मानसोपचार डॉक्टरांना गाठलं, मग बॅग उचलून माझ्या जीपमध्ये बसले. वाटेत मला शिकवणी मिळाली. लिथियम ज्या आजारावर देतात, तो मनाला दोन टोकांना नेतो. एकदा उत्साह असा चढतो की झोपेची गरजच वाटत नाही. एकदा मन असं बसतं की उठून तोंड धुवायचं जिवावर येतं. लिथियम हा एक क्षार. रक्तात कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर विष. म्हणून रक्ततपासणी, म्हणून पाणी. हात थोडे कापतातच. "आणि नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, मॅडम. ठरल्या वेळी झोपणं, ठरल्या वेळी उठणं, झोपेचे तास आणि मन चढलं की बसलं ते अधिक-वजात रोज लिहून ठेवणं, पहिली चिन्हं घरच्यांनी ओळखणं, हेसुद्धा उपचारच. झोप घटली की समजायचं, वारं फिरलं." माझे सगळे पुरावे त्या बाईच्या बरं होण्याचे होते.

आम्ही पोचलो तर मशीन धडाडत होतं. डोळे चकाकत होते, बोलणं थांबत नव्हतं. "या बाई, या! तुमाला वर्दीचंच ब्लाउज शिवते, दोन चांदण्या लावून!" दारात जाऊबाई उभी. ती हळूच म्हणाली, "पयल्या राती चार तास झोपली, काल दोन. कात्री मी पिठाच्या डब्यात टाकली हाय. शिव्या खाल्ल्या, पर दिली न्हाई. डाक्टरचा नंबर फायलीत, न्हाईतर फोनबी क्येला आसता."

तीन वर्षांपूर्वी असंच झालं होतं म्हणे. चार दिवसांत तिनं गिऱ्हाइकांचं सगळं कापड कापून शाळेसाठी पताका शिवल्या, आणि पुढचे तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात, तिच्या सहीनं लिहिलेलं होतं: झोप चारच्या खाली गेली तर कात्री जाऊबाईनं घ्यावी. मी मागितली तरी देऊ नये. डॉक्टरांना कळवावं. पहिलं पान! आणि मी पठ्ठी आकडे होते तिथूनच वही उघडून बसले होते.

डॉक्टरांनी पुण्याहून सांगितल्याप्रमाणे औषध लिहून दिलं, झोपेसाठी काही दिवस वेगळी गोळी दिली, आणि बजावलं की चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. मीच जीप पिटाळून औषध आणलं. रक्त तपासायला त्याच जीपनं तिला नेलं. शनिवारी नवरा आला तेव्हा त्याच्यासमोर उभं राहणं मला कुठल्याही दरोडेखोरापेक्षा अवघड गेलं. साहेबांनी माझी जी हजेरी घेतली, ती ठाण्याबाहेरच्या चहावाल्यालाही पाठ झाली.

बाई सावरली. पताका शिवल्या गेल्या नाहीत. तेवढ्यावर निभावलं ते औषधानं आणि पिठाच्या डब्यानं. माझ्या हुशारीचा त्यात वाटा नाही. पुढं नोकरीभर मी एक नियम पाळला: समोरच्यानं पहिल्या झटक्यात जे सांगितलं, ते आधी तपासायचं, थट्टा नंतर. माझी थट्टा मात्र शिपायांनी माझ्या बदलीपर्यंत केली. ठाण्यात कुणी जांभई दिली की म्हणायचे, "मॅडम, जप्त करा."

कोर्टाच्या हुकमानं वही सुटायला दोनेक आठवडे गेले. ती द्यायला मी स्वतः गेले. ती शांतपणे काज करत बसली होती. मधल्या दिवसांची झोप तिनं कॅलेंडरच्या पाठीमागे टिपून ठेवली होती. माफी मागायची मला सवय नव्हती, म्हणून मी उभ्या-उभ्या भराभर बोलत सुटले: चुकलंच माझं, ताई, मी नवीन होते, खबर तशीच आली, कायदा असा आहे, मुद्देमाल तसा असतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. वही उघडली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, "बाई, लई भरभर बोलताय. काल राती किती तास झोपला? खरं सांगा, अर्धा तासबी धरा. ह्यो काय मटका न्हाई."