शर्ट दिला, बटणं ठेवली

जुना शर्ट कुणाला द्यायचा झाला की आधी त्याची बटणं कापून घ्यायची, ही आमच्या घरची पद्धत. माझं माहेर वैतरणेपलीकडचं, वसईकडचं. आई बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात बटणं साठवायची. लग्न होऊन बोईसरला आल्यावर मीही तसाच एक डबा सुरू केला. त्यातलं एखादं बटण पुन्हा कधी कामी आलं असेल तर शपथ! पण डबा हलवला की खळखळ वाजायचा आणि आपण संसारी बाई आहोत, याचं मला समाधान वाटायचं.

दर नाताळाआधी आमच्या चर्चमध्ये जुने कपडे गोळा होतात आणि मासवणकडच्या आदिवासी पाड्यांवर जातात. निवडानिवड करायला आम्ही पाचसहा बायका बसतो. गेल्या नाताळात तिथंही मी कात्री घेऊन गेले. "चांगली बटणं फुकट कशाला घालवायची?" म्हटल्यावर बाकीच्यांनीही आपापल्या कात्र्या काढल्या. चार जणींना शिकवायची मला भारी हौस. हे शर्ट कुणीतरी अंगात घालणार आहे, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

पुढे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी फादरांनी येशूनं सांगितलेल्या श्रीमंत माणसाच्या दाखल्यावर प्रवचन केलं. तो रोज मेजवान्या झोडणारा, आणि त्याच्या दाराशी पडलेला तो फोडांनी भरलेला भिकारी. फादर म्हणाले, त्या श्रीमंतानं गरिबाला मारलं नाही, हाकललंही नाही; त्याला तो कधी दिसलाच नाही, एवढाच त्याचा गुन्हा. मी जोरात मान डोलावली आणि आपल्यात असं कोण बरं, म्हणून पुढच्या बाकांवर नजर फिरवली. दोनतीन जण सापडलेसुद्धा. दोन खोल्यांत राहणारी, नवऱ्याच्या पेन्शनवर घर चालवणारी मी. माझा त्या गोष्टीशी काय संबंध?

मिस्साची प्रार्थना संपल्यावर बाहेर आले, तर फाटकाशी नेहमीची भाजीवाली बसलेली. ती मासवणकडच्या पाड्यावरची. रविवारी वालाच्या शेंगा नि चिंच घेऊन येते. आज टोपलीवर एक शर्टही घडी करून ठेवला होता.

"बाय, तुज्याकडं बटना हायत का?" तिनं विचारलं. "नवऱ्याला तारापूरला कंपनीत काम लागला व्हता. गेटवरनंच परत धाडला. मशीनीपाशी पिना लावलेला शर्ट चालत नाय बोलले. सोमवारी नीट कपड्यात ये, नायतर दुसरा मानूस घेतो."

"दुसरा शर्ट नाही का गं?"

"दुसरा बी तसाच हाय. काम गेला तर आमाला वीटभट्टीवर जावा लागंल. पोरीची शाला सुटंल."

शर्ट निळ्या चौकड्यांचा होता. माझ्या नवऱ्याचा. खिशावरचा शाईचा डाग मी कितीदा घासला होता, तो लगेच ओळखू आला. बटणांच्या जागी दोऱ्याची टोकं तेवढी उरली होती. पण खरं काही तोंडातून निघालं नाही. "थांब, आणते," एवढंच म्हणाले. घरी जाऊन डबा आणि सुईदोरा आणला आणि चर्चच्या पायरीवर बसून सातही बटणं लावली. जाता-जाता एक जण म्हणाली, "किती करतेस गं दुसऱ्यांसाठी!" मी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. त्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला कामावर घेतलं. मी मात्र आठवडाभर स्वतःवरच चरफडत होते. फादरांपुढे पापनिवेदनाला बसते तेव्हा मी राग सांगते, चहाड्या सांगते. बटणं कधी सांगितली नाहीत, कारण त्यात पाप असेल असं मनातच आलं नव्हतं. येशूनं शिकवलेली दया म्हणजे उरलंसुरलं देणं नव्हे, हे लहानपणापासून ऐकत आलेय. आम्ही तर उरलंसुरलंही पुरतं दिलं नव्हतं. त्यातूनही काही काढून ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी ती बिया काढलेल्या चिंचेचा मोठा गोळा घेऊन आली. पैसे काही केल्या घेईना. "तुज्यामुलं पोरीची शाला वाचली," म्हणाली. तो गोळा मला हातात धरवेना. फादरांना सांगायच्या आधी हिलाच सांगायला हवं, हे कळलं.

"अगं, ती बटणं मीच कापली होती," मी म्हटलं. "पाड्यावर आलेल्या सगळ्या शर्टांची आम्हीच कापली. माफ कर मला."

ती रागावली नाही. उलट माझाच हात धरून समजूत काढायला लागली.

"त्यात काय, बाय? एकाही शर्टाला नव्हती. आमाला वाटला, तुमच्या देवाची द्यायची रीतच तशी आसंल."